चौघींचा एक खेकडा

हिनासे, १४ जानेवारी

चि. अकिहो हिस आजीचे आशीर्वाद, वि. वि.

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याचं लिहायचं असतं म्हणून लिहिते. थंडी आहे. समुद्र जागेवर आहे. शिंपल्यांत कालवं यंदा चांगली भरली आहेत. झालं.

आता कामाचं. तुमच्या कंपनीच्या 'मिठाचं राज्य' या व्हिडिओ खेळाचा पाचवा भाग येणार, त्याचा नमुना फुकट खेळायला दिलाय, तो आम्ही रविवारी उतरवून घेतला. शेवटी पडद्यावर विचारलं होतं, लढाई कशी वाटली ते लिहा. मी लिहायला लागले तर वाक्य अर्ध्यावर असताना जागा संपली. उरलेलं मत तुला पाठवते. तू तिथे नोकरीला आहेस, पोचव. फोन करत नाही, कारण फोनवर तू हो हो म्हणतेस आणि तिकडे काहीतरी खात असतेस.

ओसाकात राहून विसरली असशील म्हणून सांगते. सकाळी शेडमधली कालवं फोडून झाली की दुपारी आम्ही चौघी आमच्या घरी जमतो. गरम मेजाच्या पांघरुणाखाली आठ पाय आणि वर एकच कंट्रोलर. तलवारवाला माझा, तिरंदाज किनुयोचा, वैदू शिमेचा, मंत्रवाली फुसाएची. चारही भाग आम्ही असेच संपवले. आपला वार झाला की कंट्रोलर पुढचीच्या हातात. तोवर राक्षस बिचारा समोर उभा. फुसाएचा उजवा हात अर्धांगाच्या झटक्यानंतर गेला, तेव्हापासून ती कंट्रोलर मांडीवर ठेवते आणि डाव्या अंगठ्याने मंत्र शोधते. तिला वेळ लागतो. लागू दे. तेवढ्यात आमची संत्री सोलून होतात.

नव्या नमुन्यात राक्षस थांबतच नाही. तो मीठखेकडा आला आणि मी कंट्रोलर किनुयोला देईपर्यंत त्याने चौघांना चिरडलं. पुन्हा केलं, पुन्हा चिरडलं. मग पडद्यावर पाटी आली, की कठीण जात असेल तर हे पात्र आपोआप लढेल. किनुयोला पाट्या दिसल्या की दाबायची सवय आहे. तिने दाबलं. झालं, मंत्रवाली आपली आपण लढायला लागली, आणि लढली पण अशी की काय सांगू. फुसाए बघत बसली. म्हणाली, माझ्यापेक्षा बरी लढते. चहा संपवला, कप धुऊन ठेवला आणि घरी गेली. त्यानंतर आलेली नाही. निरोप पाठवला तर म्हणे तुम्ही तिघी खेळा, मी कधीतरी बघायला येईन. बघायला तिच्या घरी टीव्ही आहे.

फुसाएशिवाय मी पाचवा भाग उघडणार नाही, आणि पाचवा भाग उघडल्याशिवाय मी मरणार नाही, तेव्हा तुम्हाला काय ते ठरवायला लागेल. ही लढाई कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून निघाली ते शोध आणि मला नाव कळव.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची गरज नाही.
तुझी आजी, मासुनो

ओसाका, २२ जानेवारी

तीर्थरूप आजीस, अकिहोचा सा. न. वि. वि.

नाव शोधायला लांब जावं लागलं नाही. ते डोकं माझंच आहे.

तुला सांगितलं नव्हतं, कारण आमच्याकडे खेळ बाहेर येईपर्यंत कोण काय करतंय ते घरीसुद्धा बोलायचं नसतं. पण लढाईचं काम गेली दोन वर्षं माझ्याकडे आहे. मी विसरलेले नाही, आजी. सुट्टीत मी यायचे तेव्हा शिमेआजी मला तिचा वैदू द्यायची आणि मी चुकीच्या माणसाला औषध पाजलं की तू माझ्या डोक्यात टपली मारायचीस.

तरीही लढाई बदलली, त्याला कारण आहे. लोकांची मतं ढिगाने येतात. कॉलेजातली मुलं लिहितात, की आळीपाळीने मारामारी म्हणजे पोस्टात रांगेत उभं राहणं. एकाने लिहिलं, राक्षस इतका सभ्य असेल तर त्याला मारायचं कशाला, चहाला बोलवा. उलट बाजूचे जुने लोक लिहितात, की मालिका मेली, आम्ही सुतकात आहोत. आमचे प्रमुख कुराशिगे-सान म्हणतात, सुतकवाले रडत रडत विकत घेतातच, मुलं मात्र घेत नाहीत. शिवाय माझी लढाई वाईट नाहीये गं. खेकड्याची नांगी वर गेली की बरोबर त्या क्षणी आत घुसायचं, त्यात काय मजा आहे ते तुला दाखवायला हवं होतं.

आपोआप लढायची सोय मी तुझी आखडलेली बोटं डोळ्यांपुढे ठेवून केली होती. ती फुसाएआजीला अशी लागेल हे मनात आलं नाही. तू सोपी पातळी लावून बघ, तिथे खेकडा हळू चालतो. फेब्रुवारी संपताना लढाईला कुलूप लागणार, मग त्यात कुणी हात घालायचा नाही, आणि आता काही मोठं बदलेल असं मला वाटत नाही. खोटं कशाला सांगू.

एक गंमत. नमुना खेळणाऱ्यांची जी नोंद आमच्याकडे येते, तिच्यात कितीतरी लोक भर लढाईत मधलं बटण दाबून खेळ थांबवतात, पुन्हा पुन्हा. कुराशिगे-सान म्हणतात, कंटाळून उठून जात असतील. मला ते काही केल्या पटत नाही.

खोकला असला तर डॉक्टरकडे जा. रागावलीस तरी लोभ राहू दे.
तुझी अकिहो

हिनासे, ३० जानेवारी

चि. अकिहोस आशीर्वाद, वि. वि.

थंडी आहेच. खोकला शिमेला आहे, मला नाही.

म्हणजे तू. बरं झालं. परक्याला शिव्या देताना मर्यादा पाळावी लागते.

माझ्या बोटांची दया आली म्हणतेस, त्याबद्दल एकदाच सांगते. बोटं आखडली तर मला चांगली सुरी दे. कालव फोडून हातात ठेवू नकोस. शेडमध्ये नवा मालक आला तेव्हा तो म्हणाला होता, की आजी, तुम्ही नुसत्या बसा, पगार देतो. मी त्याला सांगितलं, बसायला मला घर आहे. तुझी सोपी पातळीही बघितली. तो खेकडा आजारी असल्यासारखा चालतो. आजाऱ्याला मारण्यात काय आहे.

आता ऐक. फुसाए येत नाही तर आपण जाऊ म्हणून गुरुवारी मी ते गेमचं यंत्र कालवांच्या खोक्यात घातलं, वर जुनी रजई, आणि किनुयोच्या छोट्या टेम्पोतून फुसाएच्या दारात. ती म्हणाली मला बरं नाही. मी म्हटलं दिसतंय, सरक. तिच्या टीव्हीला तारा लावताना तिनेच चार वेळा सांगितलं की चुकीच्या भोकात घालतेस, म्हणजे एवढीही आजारी नव्हती.

खेकड्याने आम्हाला नेहमीसारखं चिरडायला घेतलं. शिमेला खोकल्याची उबळ आली, कंट्रोलर तिच्या पोटाखाली दाबला गेला आणि खेकडा जागच्या जागी गोठला. मधलं बटण. मग किनुयो म्हणाली की हा थांबलाय तर कंट्रोलर फुसाएकडे द्या.

तेव्हापासून आमचा नियम असा आहे. आपला वार झाला की बटण दाबायचं, कंट्रोलर पुढचीला द्यायचा. तिने विचार करायचा, भांडायचं, संत्रं खायचं, मग पुन्हा बटण दाबून खेळ सुरू, एकच वार, की पुन्हा थांबव. अशी दुपार गेली. तुझे साहेब नोंदीत ज्यांना उठून गेलेले म्हणतात त्यात आता आम्ही चौघीही आहोत. आम्ही कुठे गेलो नव्हतो. उलट उठायला सांगितलं तरी उठलो नसतो.

पण खेकडा अजून पडलेला नाही, आणि त्यात चूक तुझी. थांबवलं की तुम्ही पडदा काळा का करता? खेकडा कुठे, नांगी वर की खाली, काही दिसत नाही. किनुयो काचेवर बोट टेकवून बसते, नांगी इथे होती म्हणून. आणि थांबलेलं असताना मंत्र निवडता येत नाही. फुसाएला मंत्र शोधायला वेळ लागतो, तेवढ्यात तो उठून मारतो. एवढं नीट कर. खेकडा हळू करू नकोस. पळू दे त्याला. तू जी मजा म्हणतेस, नांगी वर गेली की घुसायचं, ती मला एकदा मिळाली. बरी आहे.

लोभ कमी केलेला नाही.
आजी

ओसाका, ९ फेब्रुवारी

तीर्थरूप आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात उभ्याउभ्या वाचलं आणि तशीच नोंदी उघडायला गेले. कुणीही उठून गेलेलं नव्हतं. थांबतात, मग बरोबर एक वार, मग पुन्हा थांबतात. त्यातल्या ज्यांनी पत्ता दिला होता त्यांना मी विचारलं. एक बाप आपल्या दोन मुलींना आळीपाळीने कंट्रोलर देतो. एकीचं मनगट दुखतं. एकाला नुसताच विचार करायला आवडतो, त्याने लिहिलं की मी रांगेत उभा नाही, मी बुद्धिबळ खेळतोय. आणि आजी, त्यांच्यात कॉलेजातली मुलंही निघाली. एका खोलीत तिघं राहतात, यंत्र एकच.

खरं सांगू, पहिल्यांदा मला राग आला. मी लढाई वाहती केली आणि लोक तिला बांध घालून बसलेत. दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाही. मग काळा पडदा काढला, थांबल्यावर मंत्र निवडता येईल असं केलं आणि स्वतः डाव्या हाताने खेळून बघितलं. नांगी वर गेलेली, मिठाचे कण हवेत, सगळं थांबलेलं. माझा खेकडा मी इतक्या निवांत कधी बघितलाच नव्हता.

कुराशिगे-सान म्हणाले, चार आजीबाईंसाठी खेळ बनत नाही. मी म्हटलं, चार नाहीत, आणि बनवायला मला दिवसही फार लागणार नाहीत. ते म्हणाले, असं थांबत थांबत खेकडा खरंच पडतो का, ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुलूप उघडं ठेवणार नाही. मी म्हटलं, मग हिनासेला चला. कालवांचा हंगाम आहे म्हटल्यावर लगेच तयार झाले. येत्या शनिवारी बदललेला नमुना घेऊन येतो. पडला नाही तर विषय संपला, तेव्हा फुसाएआजीला तयार ठेव.

लोभाची आत्ता जरा जास्तच गरज आहे.
अकिहो

हिनासे, १७ फेब्रुवारी

चि. अकिहोस आशीर्वाद, वि. वि.

तू समोर होतीस तरी लिहिते, कारण तू सबंध वेळ त्या माणसाचं तोंड बघत होतीस, पडदा बघितलाच नाहीस.

किनुयोला शेडमधून बोलावणं आलं आणि ती ऐनवेळी गेली, ते मी मुद्दाम केलं असं तुला वाटत असेल. नाही. पण तिरंदाज तुझ्या साहेबांच्या हातात द्यायचा, हे मात्र मुद्दाम केलं. बसून बघणाऱ्याला सगळंच सोपं दिसतं.

माणूस वाईट नाही, पण त्याला थांबता येत नाही. कंट्रोलर मिळाला की विचार न करता खेळ सुरू करतो. पहिल्यांदा त्याच्यामुळे मेलो. दुसऱ्यांदाही त्याच्यामुळेच. तेव्हा फुसाए, जी शिमेच्या बहिऱ्या नवऱ्याशीसुद्धा हळू बोलते, ती त्याला म्हणाली, की खेकडा थांबलाय ना, मग तुम्हाला कसली घाई आहे, संत्रं खा. आणि स्वतःच्या डाव्या हाताने त्याच्यापुढे संत्रं सरकवलं. त्याने खाल्लं. खाताना पहिल्यांदा पडद्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, नांगीच्या खाली मऊ जागा आहे. आम्हाला ते कधीच माहीत होतं. कोण कुणाला शिकवतंय म्हणून मी गप्प बसले, हे लक्षात ठेव.

मग त्याचा बाण त्या मऊ जागेत, शिमेचं औषध मला, माझी तलवार, आणि कंट्रोलर फुसाएच्या मांडीवर. मी ओरडत होते वीज टाक, शिमे म्हणत होती आग. तिने आमच्याकडे बघितलंही नाही. पाऊस पाडायचा तो पहिल्या पातळीचा मंत्र घेतला, जो आम्ही चार भागांत कधी वापरला नाही, आणि मिठाचा खेकडा विरघळला. इतकी साधी गोष्ट. पन्नास वर्षं समुद्राकाठी राहून आम्हा तिघींच्या डोक्यात आलं नाही.

तुझ्या साहेबाने कालवं घातलेलं ओकोनोमियाकीचं धिरडं दोनदा घेतलं, पायाला मुंग्या आल्या म्हणून भिंतीला धरून उठला, आणि दारात बूट घालताना तुला विचारत होता, की त्या बटणाला नाव काय द्यायचं. तू रडत होतीस म्हणून ऐकलं नसशील. मी ऐकलं. नाव विचारणारा माणूस नाही म्हणत नसतो. तरी नाही म्हणालाच, तर मला कळव. मला त्याचा चेहरा माहीत आहे आणि त्याला कालवं आवडतात.

लोभ आहे. नाक पुसत जा.
आजी

ओसाका, २७ फेब्रुवारी

तीर्थरूप आजीस सा. न. वि. वि.

कुलूप लागलं. आपलं बटण आत आहे. त्याचं नाव 'हातबदल', ते कुराशिगे-साननीच दिलं. खेकडा पहिल्यासारखाच जोरात पळतो, हातबदल केला की थांबतो, पडदा उजळ राहतो. आपोआप लढायची पाटी आता विचारल्याशिवाय येणार नाही. ऑफिसातले म्हणतात, आता मुलं नावं ठेवतील. ठेवू देत, त्यांची पत्रंही मीच वाचणार आहे. खेळ पुढच्या हिवाळ्यात येईल. तुझा पहिला संच मी स्वतः आणीन.

लोभ असाच कडक ठेव.
अकिहो

हिनासे, ४ मार्च

चि. अकिहोस आशीर्वाद, वि. वि.

थंडी कमी झाली. कालवांचा हंगाम संपत आला.

फुसाए आता सगळ्यांच्या आधी येते आणि खिडकीजवळची माझी जागा धरून बसते. तिचं मत तुला पोचवायला सांगितलंय. म्हणाली, खेकडा पावसाने विरघळतो हे फार सोपं आहे, त्याला काहीतरी कवच दे, नाहीतर लोक हसतील. मी सांगितलं की कुलूप लागलं. ती म्हणाली, मग सहाव्या भागात.

पाचवा हिवाळ्यात येणार म्हणतेस. आमच्या चौघींची वयं मिळून तीनशे पंधरा होतात. उशीर करू नका.

आजी