जोनची घोडी

मार्सेय बंदर, १७ एप्रिल १९२३

ओदील,

बाबांचा स्वभावच तसा, म्हणून गप्प बसायचं, हे तू पुन्हा लिहिलंस. मला तेव्हाही पटलं नव्हतं, आताही पटत नाही. बाकी मी बरा आहे. आईचे गुडघे कसे आहेत ते कळव.

मिरवणुकीत संत जोन व्हायला फादरांनी अख्ख्या गावातून तुला निवडलं, आणि बाबा म्हणतात, "जिला तबेल्याची कडी लावता येत नाही, ती फ्रान्स काय वाचवणार?" आणि तू ऐकून घेतलंस! जोन ज्या घरची, घोडा त्याच घरानं आणायचा, हा गावाचा नेम मला ठाऊक आहे. आपली करडी आज तबेल्यात असती तर प्रश्नच नव्हता. कानाशी ढोल बडवले तरी ती घोडी हलायची नाही.

इथं मी पोती वाहतो. जोडीदार बत्तिस्ता, इटलीचा. परवा त्याला आपल्या जोनची गोष्ट सांगितली. सतराची पोर, बापाला न सांगता घर सोडलं आणि शिपायांच्या पुढे घोड्यावर बसली. म्हटलं, मीही तसाच निघालो.

तो म्हणाला, "वा रे संता! तिला घोडा लोकांनी वर्गणी काढून दिला म्हणतोस. तुझं गाडीभाडं कोणी दिलं?"

म्हणून आज हे लिहायला बसलो.

ओदील, कडी तू लावली होतीस. करडी पळाली नव्हती. त्या रविवारी तुम्ही चर्चला मिस्साला गेलात, मी पोट दुखतंय म्हणून घरी राहिलो. पुलापाशी तूल शहराचा घोड्यांचा दलाल थांबला होता, त्याला करडी विकली. पैसे कोटाच्या अस्तरात शिवले आणि तीन महिने, तू बोलणी खात असताना, समोर बसून सूप प्यायलो. मग निघालो.

हे बाबांना वाचून दाखव. शिव्या देतील, देऊ देत. जोनला तर लिहिताही येत नव्हतं. तिनं दुसऱ्याकडून लिहवून आईबापाची माफी मागितली, आणि त्यांनी माफ केलं. मी निदान स्वतःच्या हातानं लिहितोय, कसंबसं. माझं काय ते नंतर ठरवा म्हणावं, आधी पोरीला घोड्यावर बसू द्या.

गिरणीवाल्याचा तांबडा घोडा भाड्यानं मिळेल. घंटेला बिचकतो, म्हणून आठवडाभर आधी त्याला चर्चभोवती हिंडव, खिशात गाजरं ठेव. मिरवणुकीच्या रविवारी मी इथल्या चर्चमध्ये मेणबत्ती लावीन. मान ताठ ठेव.

घरी यायचं धाडस अजून होत नाही, पण होईल.

तुझा
भाऊ क्लोव्हिस

तीनशे चाळीस फ्रँकची मनीऑर्डर वेगळी केली आहे. तांबड्याचं भाडं दे, उरतील ते बाबांच्या हातात ठेव आणि सांग, करडीचे पहिले पैसे आले.