माझे सहा, दत्ताचे नऊ

मंगळवार, संध्याकाळ. चारकोप.

दत्ताशी आज खोटं बोललो. गरज काय होती?

दोघांची बायोप्सी एकाच आठवड्यात झालेली, म्हणून रिपोर्टलाही बरोबरच गेलो. आधी मी आत गेलो. डॉक्टर म्हणाले, "ग्लीसन स्कोअर सहा. प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, पण सौम्य. ऑपरेशनची घाई नको, दर काही महिन्यांनी रक्तातलं पीएसए तपासत राहू." मग दत्ता गेला. बाहेर आला तो भिंत धरून. त्याचा नऊ. म्हणजे उग्र, झपाट्याने पसरणारा. कुठवर पोचलाय ते बघायला उद्याच स्कॅन.

आणि मला पहिलं काय वाटलं? सुटलो. मित्र समोर उभा, आणि मी मनात सुटलो म्हणतोय. ते तोंडावर दिसेल या भीतीने की काय, त्याने "तुझा किती रे?" विचारलं तेव्हा मी "नऊच" म्हणून बसलो.

त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "घाबरू नको, गण्या. दोघं आहोत ना आपण. उद्या स्कॅनलाही बरोबरच जाऊ." रिक्षात घरापर्यंत तो हात तसाच. स्वतःचं सोडून मला धीर देत होता. तो हात अजून जाणवतोय.

आत्ता खरं सांगायला फोन केला. वहिनींनी उचलला.

"भावोजी, आल्यापासून हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. मग स्वतःच उठले. म्हणाले, उद्या गण्याला घेऊन स्कॅनला जायचंय, त्याच्यासमोर मी रडून कसं चालेल? आता जेवतायत. काही सांगायचं होतं का?"

"नाही," म्हणालो. "सकाळी तयार राहतो म्हणावं."