अर्धंच वाचलेलं पान

प्रिय अक्का,

तू जाऊन महिना होत आला. रडायला नाही, संतापाने लिहितेय. आज राजवाड्यामागच्या भिंतीवर तुझा फोटो चिकटवलेला पाहिला. खाली मुसलमानांच्या जमावाने एका हिंदू बाईचं दुकान जाळल्याची हकीकत, आणि शेवटी 'यांना गावातून हाकला'. तुझ्या नावावर!

चूक माझीच. गेल्या आठवड्यात इथल्या एका पक्षाचे दोन सभ्य तमिळ गृहस्थ तुझ्या फोटोला हार घेऊन आले. दंगलीवरच्या तुझ्या वह्या चाळल्या. तमिळ अक्षरांत लिहिलेली आपली घरची मराठी. त्यांना अक्षरं लागत होती, अर्थ लागेना. "अम्मा, एक पान तरी सांगा," म्हणाले. अक्काचं काम कुणीतरी विचारतंय म्हणून मी फुशारले. कॉफी दिली आणि त्या दुकानवाल्या बाईचं पान तमिळमध्ये सांगू लागले. मध्येच मला हुंदका आला. "पुरे अम्मा, त्रास नका घेऊ," म्हणत दोघे उठले. किती ती माया!

उरलेलं अर्धं पान त्यांनी ऐकलंच नाही. त्याच बाईची दोन पोरं शेजारच्या मुसलमान बाईने तीन दिवस घरात लपवली, दाराशी स्वतःच्या नवऱ्याला बसवलं, आणि पोरांना आपल्या भांड्यातलं चालणार नाही म्हणून नव्या भांड्यात वेगळा भात शिजवला. हे कुठल्या भिंतीवर लागणार, सांग?

तुझाही राग येतो. वीस वर्षं दंगलीत होरपळलेल्यांचं ऐकत फिरलीस आणि वह्या ठेवून गेलीस कुणाकडे, तर माझ्यासारख्या वीणा शिकवणारीकडे! लिहिलेलं पान ज्याचं त्याला सबंध वाचून दाखवल्याशिवाय तू वही मिटत नसायचीस. एकदा मी कंटाळून विचारलं, तर म्हणालीस, "अर्धं वाचलं तर सांगणारी बाई खोटी पडती की ग." तेव्हा मी हसले होते.

उद्या तुझी शोकसभा आहे, त्यांनीच ठेवलेली. मंचावर मला खुर्ची आहे. येते म्हणून कळवलंय. वही आणते, हे सांगितलेलं नाही.

अक्का, तेच पान पहिल्या ओळीपासून तमिळमध्ये वाचीन. हुंदका आला तर थांबेन, पाणी पिईन, पुढे वाचीन. माईक काढून घेतला तर तशीच मोठ्याने वाचीन. भाताच्या भांड्यापर्यंत पोचल्याशिवाय वही मिटणार नाही.

तुझी धाकटी,
शारदा