गेमच्या डिस्कला मागणी वाढते आहे

८ सप्टेंबर, सोमवार
आज सकाळी आंघोळ करून शटरला हळद-कुंकू लावलं आणि तिथेच ठरवलं की दुकान बंद करायचं नाही. जव्हारमध्ये गेमच्या डिस्क विकणारा मी एकटा. माझ्या बायकोला, सुनिताला, हा गाळा बचत गटाच्या नाचणीच्या पापडांसाठी हवा आहे. दसऱ्यापर्यंत धंदा उभा राहिला नाही तर किल्ली तुझ्या हातात, असा मी देवासमोर तिला शब्द दिलाय. ती वेळ येणार नाही, हे देवालाही माहीत आहे.

९ सप्टेंबर
गिऱ्हाईक नाही. नाशिकहून हर्षदाचा फोन. म्हणाली, बाबा, आता डिस्क कुणी घेत नाही, गेम थेट नेटवरून उतरवतात. म्हटलं, पोरी, देव सगळीकडे आहे, तरी आपण मूर्ती ठेवतोच ना? माणसाला वस्तू हातात लागते. ती गप्प झाली. पटलं असणार. सुनिताच्या मते रेंज गेली.

१५ सप्टेंबर, दुपारी
पोशेऱ्याचा लक्ष्या आला. जुन्या डिस्क घेतल्या, एकदम सात! कुठले गेम हवेत विचारलं तर म्हणाला, कोनचा पन दे दादा, फकत चमकला पायजे. सगळेच आवडणारा माणूस विरळा. डब्या काउंटरवरच ठेवून गेला.
सुनिता म्हणाली, त्याच्याकडे टीव्ही कुठेय? म्हणजे आधी गेम, मग टीव्ही. क्रम उलटा असेल, श्रद्धा खरी आहे.

१९ सप्टेंबर
जामसरची बायडी जावेला घेऊन आली. डिस्क दारात नेऊन उन्हात फिरवली, डोळे दिपले तेव्हा मान हलवली. क्वालिटी तपासायची ही पद्धत मी शहरातही पाहिली नाही. ओरखडे चालतील म्हणाली. मधल्या भोकातून सुतळी जाईल ना, असंही विचारलं. घरात टांगणार असेल. खरे चाहते असेच असतात.
जुना माल संपला. कपाटातल्या चांगल्या डिस्क मात्र मी काढल्या नाहीत.

२० सप्टेंबर
मुंबईच्या व्यापाऱ्याकडे नव्या गेमचे बारा डबे मागवले. सुनिता माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. आनंद झाला की ती बोलत नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
डबे आले. दुकानातलं गेमचं मशीन, रिमोट आणि डबे मांडून झेंडू वाहिला. डबे हलके लागले. तंत्रज्ञान पुढे गेलंय.

२ ऑक्टोबर, दसरा
लक्ष्या आणि बायडी आपट्याची पानं घेऊन आले. नवा माल दाखवायला डबा फोडला. आत डिस्क नाही. कागद. त्यावर एक नंबर, आणि तो टाकून गेम नेटवरून उतरवून घ्या अशी सूचना. बाराही फोडले. बारा कागद.
लक्ष्याने कागद उलटसुलट केला. म्हणाला, दादा, याला कोनचं पाखरू भिल? बायडी म्हणाली, भिजला की लगदा, आन पोपट नाचणी खाऊन मोकळे. मग माझं तोंड पाहून म्हणाली, तुमच्या जुन्यांनी पन जाम राखली हो नाचणी.
डिस्क शेतात टांगायला जातात हे सुनिताला ठाऊक होतं. आधी का नाही सांगितलंस विचारलं. म्हणाली, अहो, किती दिवसांनी तुम्ही जेवताना बोलत होतात.

३ ऑक्टोबर
फोडलेला माल व्यापारी परत घेत नाही. हरकत नाही. एक नंबर टाकून पाहिला. मशीनला मोबाईलचं नेट जोडलं. पडद्यावर आलं: उरलेला वेळ एकोणीस दिवस. थांबायची तयारी आहे. दसऱ्याचा शब्द दिवाळीपर्यंत धरायला देवाची ना नसावी.

६ ऑक्टोबर
लाईट गेली, आली. आता बावीस दिवस.
देवासमोर बसलो. काही मागायला सुचलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
सकाळी सुनिताच्या हातात किल्ली दिली. तिने ती आधी देवापुढे ठेवली.
कपाटातल्या चांगल्या डिस्क घेऊन साखरशेतला गेलो आणि माझा भाऊ देवानंद याच्या नाचणीत स्वतः टांगल्या. रेसिंगच्या एका बांधावर, फुटबॉलच्या दुसऱ्या. मिसळल्या की शोधायला त्रास होतो. देवानंद म्हणाला, पाखरं काय नावं वाचून येतात का रं?
दिवसभर बांधावर बसून राहिलो. डिस्क छान चमकत होत्या. कुणी फिरकलं नाही. मला सवय आहे.