साईनाथ हरळी

३ ऑगस्ट, सकाळी ७
रिटायर झाल्यावर काहीतरी भव्य करायचं ठरवलेलं. झालं! सोसायटीच्या मागच्या मातीच्या पट्ट्यात एक गवत सापडलं. हरळीसारखंच, पण लांबलचक. मोबाइलवर वाचलं, हरळीची एक चुलत बहीण नामशेष व्हायच्या बेतात आहे. हीच ती! माझ्यावरून नाव पडणार ‘साईनाथ हरळी’. बायकोला, योगिनीला सांगितलं. ती म्हणाली, आधी गॅस बुक करा.

६ ऑगस्ट
सेक्रेटरी राघोशेठ त्या पट्ट्यावर गणपतीनंतर पेव्हर ब्लॉक टाकणार. पार्किंग म्हणे! ठणकावलं, दुर्मीळ गवताला कायद्याने हात लावता येत नाही. (कायदा कुठला ते बघणे.) शेठ म्हणाले, जाणकाराचं लेखी आणा, नाही टाकत.

१० ऑगस्ट
शास्त्रीय तुलना. साधी हरळी: पान चार सेंटिमीटर. माझी: नऊ. साधी कुठेही पायाखाली येते. माझी फक्त कुलकर्ण्यांच्या एसीच्या पाइपखाली राहते. मानी आहे.

१४ ऑगस्ट
घोडबंदर रोडच्या रसिका मॅडम कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्यांना पट्ट्याचे अकरा फोटो पाठवले. बाई उडाल्याच! २९ला येतात. तोवर तिथे कशालाही हात लावू नका म्हणाल्या. हे बाकीच्यांसाठी असणार.

२६ ऑगस्ट
मॅडम येणार म्हणून साफसफाई. कोपऱ्यातलं जांभळट तुऱ्याचं फालतू गवत मुळासकट उपटलं. काडी ठेवली नाही. योगिनीला उद्याच्या एकवीस जुड्यांना दुर्वा कमी पडत होत्या, त्यात तेच घातलं. ह्या दुर्वा नव्हेत, असं ती म्हणत होती. म्हटलं, ह्या विषयात माझा अभ्यास आहे.

२८ ऑगस्ट
दीड दिवसाचे बाप्पा गेले. निर्माल्याच्या गाडीत निर्माल्य स्वतः टाकलं. आता उद्या!

२९ ऑगस्ट
मॅडमनी माझी हरळी बघितली. मग वरचा पाइप बघितला. साधी हरळीच आहे म्हणाल्या, पाणी भरपूर मिळतंय. मग माझाच फोटो मोठा करून कोपऱ्यातला जांभळट तुरा दाखवला. ती चुलत बहीण ही, हिच्यासाठीच आलेय, कुठाय? मी पाइपकडे बघत राहिलो. योगिनीने सांगून टाकलं.
मॅडम पायरीवर बसल्या. चहा नको म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं, अगदी रडू आलं. पण फोटो चांगला आलाय, हे त्यांनाही मान्य आहे.

३० ऑगस्ट
राघोशेठनी विचारलं, लेखी आणलं का? मॅडमनी लिहिलेली चिठ्ठी दिली: इथे आता साध्या हरळीशिवाय काही नाही. एकच विनंती केली: पेव्हर ब्लॉक निदान हिरवे असावेत.
नामंजूर. लाल उतरलेत.