रेषेच्या आत दादा नाही

शनि., ५ सप्टेंबर १९८७, हर्नडन

आत्ताच परतलो. डोंगर ओलांडून केदारचं कॉलेज, गाडीत बसून पाठ मोडली. मॅच हरलो (हातात चेंडू घेऊन धडका मारायचा अमेरिकन फुटबॉल). सपाटून. पण आज पहिल्यांदा केदार सुरुवातीपासून मैदानात होता, आणि दुसऱ्याच वर्षाला आहे पोरगा. निळ्या जर्सीवर पाठभर दांडेकर. लाउडस्पीकरवाला 'डँडीकर' म्हणाला. म्हणू दे. हे उठून टाळ्या वाजवत होते, समोरच्यांनी टचडाउन करून गुण घेतले तेव्हासुद्धा. शर्ट ओढून खाली बसवलं. इतकी वर्षं इथे काढून ह्यांना अजून क्रिकेटच दिसतं.

चिवडा आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून नेला होता. शेजारच्या बाकावर एक उंच गृहस्थ, वॉल्ट. त्यांचा मुलगा मार्कस डिफेन्सच्या मधोमध खेळतो, शेवटच्या वर्षाला. वॉल्टनी निम्मा डबा संपवला आणि वर तिखट आहे म्हणाले.

रवि., १३ सप्टें.

काल परगावी मॅच, पुन्हा हार. केदारचा फोन. "वी स्टंक, आई." घाण खेळलो म्हणे. एवढंच. जेवलास का विचारलं तर हो म्हणाला. आवाजावरून जेवला नसणार.

कालच मंडळाचा गणपती. (चतुर्थी होऊन गेली कधीच, पण शाळेचा जिम कालच मिळाला.) कुलकर्णी काकूंनी आरतीच्या आधीच गाठलं. फुटबॉल कसला खेळू देतेस, हाडं मोडली म्हणजे, आणि अभ्यासाचं काय. म्हटलं, काकू, तो सगळ्यात मागे उभा असतो. मग जरा शांत झाल्या. त्यांना कुठे सांगू, की मागे उभा असतो म्हणूनच पुढून निसटलेला प्रत्येक रेडा ह्याच्याच अंगावर येतो.

अंगावर मूठभर मांस चढलेलं असतं माझ्या सध्या. कोणी काही म्हणो.

शनि., १९ सप्टें.

घरची मॅच. तेच रडगाणं. डिफेन्सची नुसती चाळण.

प्रत्येकाकडे कारण तयार. वॉल्ट म्हणतात, पुढची मुलं अंगाने कमी पडतात. मागचा टोपीवाला म्हणतो, नवीन कोच. ह्यांचं म्हणणं ऊन. (दोन्ही टीमना तेच ऊन की हो.) मी चेंडूकडे बघायचं सोडून दिलं आणि फक्त केदारकडे बघत बसले. आणि घोडं कुठे पेंड खातंय ते दिसलं.

केदारचं काम असं: मागे उभं राहून समोरच्यांची मांडणी बघायची आणि आपल्या पोरांना सांगायचं, तू इकडे सरक, तू तिकडे. त्याला दिसतं बरोबर, आधी दिसतं. हात अर्धवट वर करतो. मग पळत मार्कसपाशी जातो, खांद्याला बोट लावतो, काहीतरी सांगतो, आणि परत पळत मागे. वर्गात सरांना शंका विचारायला जावं तसा. तोवर चेंडू सुटलेला. पोरं सरकतच असतात, समोरचा निघून गेलेला असतो.

गाडीत ह्यांना काही बोलले नाही. आधी त्याच्याकडूनच ऐकावं म्हणून.

मंगळ., २२ सप्टें.

लॅबमधून येते तो फोन वाजतच होता. केदार. कोच म्हणालेत, तू फार हळू बोलतोस. येत्या शनिवारी मांडणी उशिरा लागली तर तुझ्या जागी दुसरा मुलगा. आणि हा वर्षभर बाकावर. एवढं सगळं इंग्रजीत, एका दमात.

विचारलं, ओरडून का नाही सांगत?

"आई, दे आर सीनियर्स. मार्कसला मी कसं ओरडणार?"

मग कळलं की मार्कसला काही सांगण्याआधी हा 'एक्सक्यूज मी' म्हणतो. प्रत्येक वेळी. ऐन मॅचमध्ये. मला हसू आलं, आणि लगेच आठवलं. सात वर्षांचा असताना शेजारच्या म्हाताऱ्या बॉबना त्याने नुसतं बॉब म्हटलं, तेव्हा हातातलं काम टाकून मीच त्याला 'बॉब अंकल' म्हणायला लावलं होतं. अमेरिकेत जन्मला तरी मोठ्यांपुढे आवाज चढवायचा नाही. आणि पोराने ते पाळलं. इतकं पाळलं की...

जेवताना ह्यांना सांगितलं. हे खूश. म्हणे बघ, ह्याला संस्कार म्हणतात, बाकीची पोरं कशी बोलतात ऐकतेस ना. म्हटलं, अहो, त्याची जागा जाईल. तर म्हणाले, "जाऊ दे जागा. आज मार्कसवर ओरडेल, उद्या बापावर ओरडेल."

मी आमटी वाढायची थांबले. ह्यांचंही खोटं नाही. मलाही त्याच्या त्या एक्सक्यूज मीचा अभिमानच वाटला, आधी.

बुध., २३ सप्टें.

मी फोन केला. हे वर होते, खाली स्वयंपाकघरातून केला. (लपवून नाही. पण त्यांना हाकही मारली नाही.)

केदारला माहीत होतं आई कॉलेजात कबड्डी खेळायची, पण त्याला ती कपाटातल्या बक्षिसाच्या कपासारखी गोष्ट. आज नीट सांगितली. सांगलीला मी डावा कोपरा. समोरची चढाई करत आत आली की साखळी कधी मागे न्यायची, कधी झडप घालायची, हे कोपऱ्यावरून मला दिसायचं, म्हणून ओरडायचं मी. आणि आमच्या कॅप्टन शैलाताई. माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या. एरवी त्यांच्यापुढे मी खुर्चीत बसत नसे. पण मैदानात, "ए शैले, मागे." सगळ्या कॉलेजसमोर. त्या सरकायच्या. मॅच संपली की पुन्हा ताई, आणि पाण्याचा तांब्या आधी त्यांच्या हातात.

त्याने विचारलं, त्या रागवायच्या नाहीत?

पहिल्या दिवशी मीही गप्पच होते आणि आम्ही हरलो होतो. तेव्हा शैलाताईंनी मला रेषेपाशी नेलं. आत जाताना आम्ही सगळ्याच रेषेला हात लावून कपाळाला लावायचो, सवयीने. त्या म्हणाल्या, "हा हात लावतेस ना, तेव्हा माझा मान इथे काढून ठेव. जाताना उचलून ने. आत ताई नाही की दादा नाही."

मग म्हणाला, "लाइक शूज? आउटसाइड द डोअर?"

हो रे बाळा. तसंच. चपला दाराबाहेर काढतो तसंच.

शनि., २६ सप्टें.

आल्या आल्या लिहायला बसले.

टीम बाकांखालच्या बोगद्यातून धावत आली. सगळे थेट आत. केदार पांढऱ्या रेषेपाशी थांबला, वाकला, हात लावला, हेल्मेटच्या कपाळाला लावला. कोणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. हे म्हणाले, काय पडलं त्याचं? मी म्हटलं, काही पडलं नाही, ठेवलंय त्याने.

आणि मग आवाज. वरच्या बाकांपर्यंत. "मार्कस, लेफ्ट! मूव्ह!" पहिल्यांदा मार्कसने मान वळवून बघितलं, हा कोण बोलतोय. तरी सरकला. चेंडू तिकडेच आला आणि मार्कसने समोरच्याला असा आडवा केला की वॉल्ट माझ्या खांद्यावर थाप मारून मोकळे झाले. खांदा दुखतोय.

नंतर सबंध मॅचभर पोरगा ओरडत होता. माझाच आवाज. सांगलीच्या मैदानावरचा. कुठून आणला कोण जाणे, मी तर इथे येऊन इतकी वर्षं हळूच बोलते. डिफेन्सने दुसऱ्या अर्ध्यात समोरच्यांना काही म्हणजे काही करू दिलं नाही. जिंकलो.

डोळ्यांना पदर लावायला साडी नव्हती, स्वेटरची बाही लावली.

परतताना हे म्हणाले, बरा खेळला. मग पुढच्या पेट्रोल पंपावर, गाडीत कोणी नसल्यासारखं, "फार ओरडत होता." तक्रार होती का अजून ठरत नाही.

शुक्र., २ ऑक्टो. दसरा

उद्याच्या यादीत केदार आहे. कोच म्हणालेत, एका मॅचवरून काही ठरत नाही, दर शुक्रवारी ठरवू. आपट्याची पानं इथे कुठली, अंगणातल्या मेपलची दिली ह्यांना. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. ह्यांनी पान घेतलं, आणि केदारसाठी एक वेगळं काढून पाकिटात ठेवलं.

शनि., १० ऑक्टो.

गेल्या शनिवारी जिंकलो. आज हरलो, आणि केदारमुळे हरलो. स्पष्ट लिहिते.

शेवटी शेवटी त्याची नजर चुकली, उजवीकडे म्हणून ओरडला. आता सगळी पोरं त्याचं ऐकतात. अकराच्या अकरा उजवीकडे. समोरचा डावीकडून चालत गेला म्हटलं तरी चालेल. मागचा टोपीवाला काय काय बोलला, वॉल्टनी वळून त्याला गप्प केलं.

मॅचनंतर कुंपणाशी थांबलो. केदार सगळ्यांसमोर कोचपाशी गेला, चूक माझी म्हणाला, खाली न बघता. मग मार्कसपाशी. तिथे मात्र खाली बघून. मार्कसने त्याचं डोकं बगलेत धरलं आणि तसंच आत नेलं.

जिंकला तेव्हा वाटला त्याहून जास्त अभिमान आज वाटला. ह्यांनाही. कसं कळलं, तर गाडी सुरू न करताच दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून केदार गेला त्या दाराकडे बघत बसले होते.

शुक्रवारी फोन आला, तर कळेल.

शुक्र., १६ ऑक्टो.

यादीत आहे. पण आता अर्धी मॅच तो, अर्धी दुसरा मुलगा. महिनाअखेरीस एकाचं नक्की करणार म्हणे.

रवि., २५ ऑक्टो.

दिवाळी गुरुवारीच झाली, पण आमची आज, कारण केदार आज आला. बरोबर मार्कस. दारातून आत येताना वाकावंच लागलं त्याला. चकल्या करकर खाल्ल्या, अनारशाला डोनट म्हणाला. मला 'मिसेस डी' म्हणतो. मी विचारलं, केदार ओरडतो त्याचा राग येत नाही का. म्हणाला, "मॅम, सप्टेंबरमध्ये तो माझी माफी मागायचा आणि मी चुकीच्या जागी उभा असायचो. त्याचा राग यायचा." ह्यांनी ते ऐकलं. चहात साखर आहे का बघत होते.

काल डिफेन्स कसा खेळला ते दोघेही धड सांगेनात. कधी भक्कम, कधी भोक. अजून चार शनिवार आहेत. आणि केदारची जागा येत्या शुक्रवारी पक्की होणार, किंवा जाणार. कोचनी अजून काही सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही.

जेवणानंतर दोघं मागच्या हिरवळीवर चेंडू टाकत बसले. मी खिडकीत भांडी विसळत. पलीकडच्या घरातल्या मुळेंचा धाकटा मुलगा आणि शेजारचे दोघे येऊन मिळाले, दोन बाजू पडल्या, केदारच्या बाजूला एक कमी. हे अंगणाच्या पायरीवर उभे. नवा कुडता, दिवाळीचा. मला वाटलं, बघायला उभे आहेत.

पायरी उतरले. चपला काढल्या. हिरवळीच्या कडेशी थांबले, गुडघ्यावर एक हात टेकून वाकले, गवताला हात लावला आणि कपाळाला लावला. मग आत गेले.

ह्यांना मी ते रेषेचं कधी सांगितलंच नव्हतं. म्हणजे त्या फोनच्या दिवशी जिन्यात उभं राहून ऐकलं असणार. आणि तरी मैदानावर मलाच विचारत होते, काय पडलं त्याचं.

केदारने बघितलं. मग समोरून मार्कस निघाला आणि माझ्या मुलाने सबंध गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "बाबा, मागे! मागे सरका!"

हे मागे सरकले.