घासून गेलेला शिक्का

बुधवार, टँकर येऊन गेल्यावर

दोन दिवस लिहायचं टाळलं. आधी दौलताबादला पेरू खायला गेलो, मग नुसता झोपलो.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी चावीची, पत्र्याची आगगाडी कोणत्या सालची ते शोधायला दिली होती. त्यांचा भाऊ लहानपणीच वारला. गाडी त्याच्यासाठी आणलेली, की तो गेल्यावर काकूंसाठी, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. आज घड्याळवाल्या सलीमचाचांनी इंजिन उलटं केलं.

“शिक्का कुठंय?”

“चिंचेनं घासली, चाचा. लई काळी होती.”

“रंगवलेल्या पत्र्याला चिंच? तांब्या समजला का मियाँ? कंपनी शिक्का बदलायची, त्यावरनंच साल कळतं.”

या कॉलनीत अजून नळ नाही, तरी अर्धी बादली त्या गाडीवर ओतली. काकू खूश होतील म्हणून. शिक्का मी पाहिला होता. निळा, गोल. का लांबट? गोलच. आत अक्षरं होती, ती वाचली का नाहीत मी?

‘तुमच्यासाठीच आणली’ असं सांगून टाकू? कोण तपासणार? पण काकू माझं तोंड बघूनच ओळखतील.

दारावर काठी वाजतेय. गुडघ्यांमुळं वर्षभर जिना न चढलेल्या काकू एकट्या वर आल्यात.